विरणारा सूर, टिकणारा सूर: चेलो-पियानो ऐकण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जून

प्रकल्प ठरला. ऑगस्ट संपायच्या आत आठ जणांना बसवून तासाभराचं श्रवणसत्र करायचं. विषय: आधुनिक चेंबर म्युझिक (मोजक्या वाद्यांचं पाश्चात्त्य संगीत), तेही फक्त चेलो (गजाने वाजणारं, व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं वाद्य) आणि पियानोचं. प्रत्यक्ष वाजवणारं कुणी नाही, ध्वनिमुद्रणंच. मधेमधे मी बोलणार. रचना १९०० नंतरची हवी आणि वाद्यं दोनच हवीत, एवढ्याच अटी.

यातलं मला फारसं काही येतं अशातला भाग नाही. माझी चेलोची ओळख बेथोवनच्या पाच सोनाटा (एक-दोन वाद्यांसाठीच्या, काही भागांच्या रचना) आणि ब्राम्सच्या दोन इथं येऊन थांबते. पुढे धुकं आहे, आणि धुक्यात शिरायला निमित्त हवं होतं.

पद्धत अशी: प्रत्येक रचना तीनदा ऐकायची. पहिल्यांदा काहीही न वाचता. दुसऱ्यांदा जमलं तर स्वरलिपी समोर ठेवून. तिसऱ्यांदा फक्त पियानोकडे कान देऊन. ही तिसरी फेरी मुद्दाम ठेवली, कारण माझा कान चेलोच्या मागे पळतो. पियानो मला आजवर पडद्यामागचा वाटत आलाय.

१४ जून

सुरुवात जुन्यापासून केली, मोजपट्टी हाताशी असावी म्हणून. बेथोवनच्या १७९६ च्या दोन सोनाटा (ओपस, म्हणजे रचनेचा क्रमांक, ५). त्यांच्या मुखपृष्ठावर पियानोचं नाव आधी आहे आणि चेलो ‘सोबत’! म्हणजे पडद्यामागे कोण, हा प्रश्न तेव्हाही उलटसुलटच होता.

तिसऱ्या फेरीत एक साधी गोष्ट लक्षात आली. इतकी साधी, की लिहितानाही ओशाळायला होतंय. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. त्यानंतर त्या सुराचं वादकाच्या हाती काही उरत नाही. पेडल दाबून तो थोडा लांबवता येईल, पट्टी सोडून तोडता येईल, पण वाढवता येणार नाही. पियानोचा प्रत्येक सूर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. चेलोचा गज मात्र सूर अगदी बारीक सुरू करून फुगवू शकतो, मधेच कापरा करू शकतो, खालून वर ओढू शकतो. एकाला मींड आहे, दुसऱ्याला नाही. एक गातो, दुसरा मोजतो.

मग ही दोघं शेकडो वर्षं एका खोलीत कशी नांदली? वहीच्या पहिल्या पानावर हाच प्रश्न लिहिला आणि त्याखाली रेघ मारली.

१९ जून

डेब्यूसीची सोनाटा, १९१५. जेमतेम बारा मिनिटांची. युद्धाचा काळ, आतड्याचा कर्करोग जडलेला, आणि उन्हाळ्यात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पूर्विल इथं राहताना हा माणूस एकदम लिहिता झाला. सहा सोनाटा लिहायचा बेत होता. तीन झाल्या आणि मार्च १९१८ मध्ये तो गेला.

पहिल्या भागात तोंड उघडतो तो पियानो. ठाम, काहीसा दरबारी थाट. मग चेलो आत येतो आणि तो थाट त्याच्या हातात हळूहळू वितळतो. मधला भाग, सेरेनाद, मी तीनच्या जागी सहा वेळा ऐकला. चेलोवादक गज बाजूला ठेवून तारा छेडतो, चेलोची जाडजूड गिटार होते; मग पुन्हा गज, पण कुठं घोडीजवळ खरखरीत, कुठं बोटं दाबायच्या पट्टीवर हवेसारखा. थट्टा चाललीय की कुणी चिडलंय, कळत नाही. या सोनाटेला चंद्रावर रुसलेल्या विदूषकाची गोष्ट चिकटली आहे. ती एका चेलोवादकाने पसरवली, आणि डेब्यूसीला स्वतःला ती मुळीच आवडली नव्हती. सत्रात ही गोष्ट सांगणार नाही. एकदा विदूषक डोक्यात शिरला की तो बाहेर पडत नाही.

डेब्यूसीने पियानोवादकासाठी एक सूचना करून ठेवली होती: चेलोशी झुंजायचं नाही, त्याला साथ द्यायची, हे विसरू नका. सांगणारा स्वतः पियानोवादक! म्हणजे त्यालाही धोका नेमका कुठे आहे ते ठाऊक होतं.

स्वरलिपी मोफत उपलब्ध आहे, हे एक बरं.

२० जून

घोळ. काल रात्री लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं आणि ‘चेलोचा खालचा भाग पोकळ वाटतो’ असं वहीत लिहून मोकळी झाले. आज हेडफोन लावले तर पोकळबिकळ काही नाही, भरगच्च आहे. चेलोची सगळ्यात खालची मोकळी तार साधारण ६५ हर्ट्‌झची. एवढ्याशा स्पीकरला तो मूळ सूर पेलतच नाही. वरचे अंशस्वर तेवढे येतात आणि मेंदू उरलेलं भरून घेतो. पहिल्या तीन टिपणांवर काट मारली. सत्रासाठी मोठे स्पीकर मागून आणायचे.

२७ जून

वेबर्न, ‘तीन छोटे तुकडे’, ओपस ११, १९१४. पहिला नऊ बारचा (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक कप्पा), दुसरा तेरा, तिसरा दहा. एकूण बत्तीस बार, अडीच मिनिटांच्या आसपास. बसले, डोळे मिटले, संपलं.

पहिल्या फेरीत काहीच हाती लागलं नाही. दुसऱ्या फेरीत पानावर पाहिलं तर शांततेची चिन्हं सुरांच्या बरोबरीने. एक सूर, थांबा. पियानोचे दोन सूर, थांबा. चेलोवर म्यूट (आवाज दबवणारा चिमटा) लावलेला, आवाज कुजबुजीइतका. वेबर्न स्वतः चेलो वाजवायचा, त्यामुळे या कुजबुजीत त्याला नेमकं काय हवं होतं हे त्याच्या बोटांना माहीत असणार. गंमत अशी की तो त्या सुमारास चेलो-पियानोची मोठी सोनाटा लिहायला बसला होता. ती अर्ध्यात सोडली आणि हे तुकडे लिहिले. मोठं लिहायला निघालेला माणूस आणखी लहान होऊन परतला.

दहाव्या वेळेला (हो, दहाव्या, अडीच मिनिटंच तर आहेत) माझ्या १४ जूनच्या प्रश्नाला एक उत्तर सापडलं. सूर इतके तोकडे केले, की पियानोच्या सुराला विरायला आणि चेलोच्या सुराला फुलायला वेळच मिळत नाही. भांडण सुरू व्हायच्या आधीच दोघंही खोलीबाहेर.

३ जुलै

नादिया बुलांजे, तीन तुकडे, १९१४. वेबर्नच्याच वर्षाचे, आणि ऐकताना मात्र वाटतं मधे पन्नास वर्षं गेली असावीत. पहिला तुकडा सुंदर आहे, पाण्यावर काही तरंगत जावं तसा. पुढे ती रचनाकार म्हणून थांबली आणि शिक्षक म्हणून जगभर ओळखली गेली. तिच्या विद्यार्थ्यांत एलियट कार्टर हे नाव दिसलं. यादीत घातलं.

६ जुलै

शोस्ताकोविच, चेलो सोनाटा, डी मायनर (मायनर म्हणजे उदास छटेची स्वरचौकट, उजळ ती मेजर), ओपस ४०, १९३४. चार भाग, अर्ध्या तासाला थोडं कमी. वय २७-२८, लग्न मोडकळीला आलेलं. पहिला भाग ऐकताना वाटतं, हा तर ब्राम्सचाच शेजारी. लांब गाणारा चेलो, खाली पाण्यासारखा पियानो. मग शेवटी सगळं अचानक मंद होतं आणि पियानो तुटक, कोरडे सूर टाकत चालू लागतो. कुणी चोरपावलांनी जिना उतरावा तसं. अंगावर काटा आला.

दुसऱ्या भागात चेलो हार्मोनिक्सवरून (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले बारीक, उंच सूर) सर्रकन वरखाली घसरतो. शिट्टी म्हणावी की किंचाळी?

पहिला प्रयोग २५ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राडमध्ये झाला. चेलोवर व्हिक्टर कुबात्स्की, पियानोवर शोस्ताकोविच. तेरा महिन्यांनी, जानेवारी १९३६ मध्ये, याच कुबात्स्कीबरोबर कार्यक्रमासाठी तो अर्खांगेल्स्कला गेला असताना त्याच्या ऑपेरावर तुटून पडणारा ‘प्रावदा’ या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रातला लेख त्याने वाचला. ही गोष्ट कळल्यापासून मला तो जिना उतरतानाचा पियानो वेगळाच ऐकू येतो. तसं व्हायला नको खरं तर. सोनाटा आधीची आहे. पण कानाला तारखा कळत नाहीत.

१५ जुलै

आज फक्त एक भाग. मेसियाँच्या ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ या रचनेचा पाचवा भाग. पूर्ण रचना चार वाद्यांची आहे, पण या भागात चेलो आणि पियानो दोघंच. अटीत बसतं असं मी ठरवलं. प्रकल्प माझा, अटही माझीच.

पहिला प्रयोग १५ जानेवारी १९४१, गोर्लिट्झजवळच्या जर्मन युद्धकैदी छावणीत, कैद्यांसमोर. पियानोवर मेसियाँ, चेलोवर एतिएन पास्किए. मेसियाँ नंतर सांगत राहिला की त्या चेलोला तीनच तारा होत्या. पास्किए म्हणायचा, छे, चार होत्या! मी पास्किएच्या बाजूने. वाजवणाऱ्याला आपल्या वाद्याच्या तारा माहीत असतात.

वर सूचना आहे: ‘अनंतपणे संथ’. चेलोचा सूर इतका लांब, की गज संपेल अशी धास्ती ऐकणाऱ्याला वाटते. पियानो काय करतो? तोच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) पुन्हा, पुन्हा, पुन्हा. हलकेच, सारख्या अंतराने. पहिल्या फेरीत मला ती साथ गरीब वाटली होती. तिसऱ्या फेरीत कळलं की याहून प्रामाणिक काही करताच आलं नसतं. पियानोचा सूर टिकत नाही ना? मग तो विरला की पुन्हा वाजवायचा. पुन्हा विरला, पुन्हा वाजवायचा. चेलो एका दमात जे म्हणतो ते पियानो तुकड्यातुकड्याने, श्वास घेत घेत म्हणतो. टिकणं आणि टिकवत राहणं, असं दोन्ही एकाच वेळी.

आणि मग शोधता शोधता हे सापडलं: ही धून मुळात चेलोची नाहीच. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी मेसियाँने सहा ‘ओंद मार्तेनो’ या विजेच्या वाद्यांसाठी एक रचना केली होती, तिच्यातून ही उचलली. विजेचं वाद्य, म्हणजे ना गज संपायची धास्ती, ना सूर विरायची. तिथं ती धून अमर होती. छावणीत आल्यावर तिला माणसाचा हात मिळाला आणि हाताबरोबर थकणंही आलं. मला हीच अधिक आवडते.

सत्रात नक्की.

१८ जुलै

एक तांत्रिक नोंद, कारण आज दिवसभर हेच डोक्यात.

चेलोच्या चार तारा शुद्ध पंचमांत जुळवतात. पियानोचे पंचम शुद्ध नसतात. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे म्हणून ते प्रत्येकी साधारण दोन सेंट आखूड केलेले असतात (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). वरच्या ‘ए’ तारेपासून खालच्या ‘सी’ तारेपर्यंत तीन पंचम. म्हणजे चेलो कानाने चोख जुळवला, की त्याची खालची तार पियानोच्या त्याच सुरापेक्षा सहा सेंट खाली बसते. फार नाही, पण लांब सुरात बोचतं. म्हणून पियानोबरोबर वाजवताना पुष्कळ चेलोवादक ती तार किंचित चढवून घेतात.

शुद्ध गंधाराचं तर आणखी अवघड. पियानोचा गंधार साधारण चौदा सेंट चढा. स्वरांचा पक्का चेलोवादक पियानोसमोर काय करत असेल? एकटा असताना एक गंधार, सोबत असताना दुसरा. पेटीच्या साथीवर गाणाऱ्यांनी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या घातलाय, त्यामुळे मला हे वाचून एकदम घरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

२४ जुलै

बेंजामिन ब्रिटन, सोनाटा इन सी, ओपस ६५. सप्टेंबर १९६० मध्ये लंडनला रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविचने शोस्ताकोविचचा पहिला चेलो कन्चर्टो (ऑर्केस्ट्रासोबतची रचना) वाजवला. ऐकायला ब्रिटन होता, खुद्द शोस्ताकोविचच्या शेजारी बसून. त्या भेटीतून ही सोनाटा, आणि जुलै १९६१ मध्ये ऑल्डबरा महोत्सवात ब्रिटन आणि रोस्त्रोपोविच या दोघांनी ती वाजवली. दोघांची सामाईक भाषा म्हणजे मोडकंतोडकं जर्मन, ज्याला त्यांनी ‘ऑल्डबरा डॉइच’ असं नाव ठेवलं होतं. पहिल्या तालमीआधी चांगलीच व्हिस्की झाली होती म्हणतात. पहिल्या भागाचं नाव ‘संवाद’. चाचरत, अडखळत सुरू होतो. दोन अनोळखी माणसं शब्द शोधताहेत असं वाटलं तर नवल नाही.

दुसरा भाग मात्र माझा झाला. स्केर्झो-पिझिकाटो: पूर्ण भागभर गजाला सुट्टी. चेलो फक्त छेडलेला. छेडलेली तार काय करते? जन्मते आणि लगेच विरू लागते. म्हणजे पियानोच! वेबर्नने दोघांना बोलूच दिलं नाही, मेसियाँने पियानोला पुन्हापुन्हा श्वास घ्यायला लावला, आणि ब्रिटनने सरळ चेलोलाच पियानोच्या बाजूला नेऊन बसवलं. अडीच मिनिटांत कोण कुठला हे ओळखेनासं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर परत गेले. रेघेखाली आता तीन उत्तरं आहेत.

२९ जुलै

पटापट.

प्रोकोफिएव, चेलो सोनाटा, ओपस ११९, १९४९. आदल्या वर्षीच सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या ठरावाने त्याला झोडपलं होतं. १९५० मध्ये रोस्त्रोपोविच आणि पियानोवादक रिख्तर यांनी ती मॉस्कोत सादर केली. एकट्या चेलोच्या खर्जातून सुरुवात, ऊबदार, सरळ. आवडली. पण माझ्या प्रश्नाशी तिला काही देणंघेणं नाही. इथं दोघांचा संसार जुन्याच रीतीने सुखाचा चालला आहे.

आर्वो पार्ट, ‘श्पीगेल इम श्पीगेल’, १९७८. यादीत मी चेलोची रचना म्हणून लिहिली होती. ती मूळ व्हायोलिन आणि पियानोची. चेलोवर फार वाजते एवढंच. बाद. आठवडाभर पार्श्वसंगीतासारखी लावून ठेवली होती, ते वेगळं.

२ ऑगस्ट

आल्फ्रेड श्निटके, पहिली सोनाटा, १९७८, नतालिया गुटमनसाठी लिहिलेली. पार्टच्या त्याच वर्षातली, पण हे जग वेगळंच. संथ, द्रुत, संथ, आणि तिन्ही भाग एकमेकांना जोडलेले. सुरुवातीला चेलो एकटाच. मेजर की मायनर हे ठरवत नाही, दाराच्या उंबऱ्यावर उभा. मधला प्रेस्टो (अतिद्रुत भाग) म्हणजे थांबता न येणारं यंत्र. ऐकून मी दमले आणि पंखा वाढवला.

मोठी रचना आहे यात शंका नाही. पण तुकडा काढून ऐकवता येत नाही, आणि अख्खी ऐकवली तर सत्र तिचंच होईल. दुःखाने वगळली. हा वगळण्याचा निर्णय मला अजून पटलेला नाही.

५ ऑगस्ट

मॉर्टन फेल्डमन, ‘पॅटर्न्स इन अ क्रोमॅटिक फील्ड’, १९८१. जवळजवळ दीड तास, एकसलग. चाळीस मिनिटांनी मी उठले, पाणी प्यायले, परत आले. काही बदललं नव्हतं. की सगळंच बदललं होतं? तीन फेऱ्यांचा नियम मी इथं मोडला. अर्धीच ऐकली, हे नोंदवून ठेवते.

८ ऑगस्ट

ताकेमित्सु, ‘ओरायन’, १९८४. चेलो सुरांमधल्या फटींतून सरकतो, पियानो तारे टाकल्यासारखा. घसरत जाणारा सूर आणि जागेवरचा सूर. पाय सुटला तर चेलो कुठेही जाऊ शकतो; पियानोला अठ्ठ्याऐंशी पायऱ्यांच्या मधे उभं राहायला जागा नाही. राखीव यादीत.

१२ ऑगस्ट

एलियट कार्टर, चेलो सोनाटा, १९४८. बुलांजेचा तोच विद्यार्थी. (जन्म १९०८, मृत्यू २०१२. शंभरी ओलांडल्यावरही लिहीत होता.)

पहिली फेरी: चिडले. पियानो घड्याळासारखा टिकटिक करतोय, चेलो त्याच्याकडे ढुंकूनही न बघता लांबच लांब गातोय, कधी पुढे, कधी मागे. मला वाटलं ध्वनिमुद्रण बिघडलंय. दोन वेगळ्या तालमी एकावर एक चढल्यात.

दुसरी फेरी: बिघडलेलं काही नाही. तसंच लिहिलं आहे. पियानोवादकाने एक कणही ढळायचं नाही आणि चेलोवादकाने ताल जणू माहीतच नाही असं गायचं. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यावं ही जी दीडशे वर्षांची शिस्त, तीच कार्टरने मोडली. गाणारा गाणाराच राहिला, मोजणारा मोजणाराच. समेवर भेटायचं कुणी कबूल केलेलं नाही.

तिसरी फेरी, फक्त पियानो. आणि आत्ता पहिल्यांदा तो मला पडद्यामागचा वाटला नाही. वाट चुकल्यासारखा चेलोमागे पळणारा माझा कान पियानोजवळ मुकाट बसून राहिला. आधीचे सगळे रचनाकार हा फरक बुजवायला बघत होते किंवा त्याच्याशी तडजोड करत होते. हा म्हणतो, फरक आहे तर आहे. त्याचीच सोनाटा करू.

पहिला भाग त्याने सगळ्यात शेवटी लिहिला, बाकीचे लिहून झाल्यावर. म्हणजे घर बांधून झाल्यावर त्याला दार कुठं हवं ते कळलं. शेवटच्या भागाच्या टोकाला ती टिकटिक परत येते, पण आता अदलाबदल करून: मोजतो चेलो, तारा छेडत, आणि लांब ओळ पियानोकडे जाते. ज्याला सूर धरता येत नाही, त्यालाच गायला लावलं. रात्री उशिरापर्यंत तेवढंच परत परत लावत होते. घरच्यांनी दार लोटून घेतलं.

१७ ऑगस्ट

क्रम ठरला. वेबर्न, मग डेब्यूसी, मेसियाँ, ब्रिटनचा फक्त पिझिकाटो, शेवटी कार्टर अख्खी. मिळून पाऊण तासाच्या थोडं वर, उरलेलं बोलणं. शोस्ताकोविच घ्यावा म्हणून धाकट्या भावाने हट्ट धरला. “ताई, लोकांना काहीतरी गुणगुणता येईल असं दे की!” त्याचं चूक नाही. पण नाही.

बोलण्याचं टिपण चार पानांचं झालं होतं, ते अर्ध्या पानावर आणलं. तीन तारा की चार, ही गोष्ट ठेवली.

२४ ऑगस्ट

सत्र झालं. आठाऐवजी सहा जण आले.

वेबर्न सुरू झाला तेव्हा एक जण अजून चपला काढत होता. तो आत येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत तिन्ही तुकडे संपले. “चालू कर की,” तो म्हणाला. सगळे हसले, पुन्हा लावलं. दुसऱ्या खेपेला कुणी हललं नाही.

डेब्यूसी सगळ्यांना रुचला. मेसियाँनंतर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मी माझं टिपण वाचायचं टाळलं, त्यामुळे तारांची गोष्ट राहूनच गेली. कार्टरच्या पहिल्या भागात दोघं अस्वस्थ झाले. एकीने हळूच घड्याळ पाहिलं. ते पाहणं टिकटिकीशी इतकं जुळलं की मला हसू आवरेना.

अगदी शेवटी डोळे मिटून बसलेली मैत्रीण म्हणाली, “हा पियानोवाला किती नेटका आहे गं. एवढा वेळ टिकटिक, पण जरा ढळत नाही.”

“तो चेलो आहे,” मी म्हटलं.

तिने डोळे उघडले. “मग गातंय कोण?”

शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावली. स्पीकर उद्या परत करायचे आहेत, वायर गुंडाळून ठेवली. फेल्डमनचा उरलेला अर्धा भाग अजून बाकी आहे.